एका सदऱ्याची परीक्षा

आमच्या शाळेत दर सोमवारी सकाळची प्रार्थना आटोपली म्हणजे मुले वर्गवार रांगा करून उभी राहतात, आणि आम्ही त्यांची नखे, केस व गणवेश पाहत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. स्वच्छतेच्या तपासणीचे हे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे. ते फारसे गोड नाही. परंतु आजवर ते आपण न्यायाने करीत आलो आहो, असा आमचा समज होता. त्या समजास गेल्या वर्षी जो धक्का बसला, त्याची हकीकत या वार्षिक अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

जुलै महिन्यातील गोष्ट. आठवीच्या रांगेत एका मुलापाशी आम्ही थांबलो. मुलगा चिरनेरहून येणारा. वर्गात शांत, अभ्यासात मध्यम, परंतु हाताने काही करावयाचे असले तर सर्वांच्या पुढे. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या खांद्याशी व खाली कमरेजवळ मोहरीएवढ्या करड्या गोळ्यांचा थर आला होता. लांबून पाहता सदरा मळलेला दिसे, आणि जवळून पाहता अधिकच मळलेला. आम्ही म्हणालो, "सदरा धुतोस की नाही? उद्या स्वच्छ धुऊन घालून ये." घरच्या मंडळींस कळावे म्हणून तसा शेराही त्याच्या डायरीत लिहिला. मुलाने मान खाली घातली. तो काही बोलला नाही.

पुढच्या सोमवारी गोळे कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. तेव्हा आमचाही आवाज चढला. त्यास रांगेबाहेर काढून तपासणी संपेपर्यंत व्हरांड्यात उभे केले, व डायरीत पहिल्याहून कडक शेरा लिहिला. त्यानंतरच्या सोमवारी तो आला नाही. पुढे ऑगस्टातही सोमवारी गैरहजर, मंगळवारी हजर, असा क्रम हजेरीपटावर दिसू लागला. तो क्रम आम्ही पाहिला, पण वाचला नाही.

२५ सप्टेंबर हा चिरनेरचा स्मृतिदिन. १९३० साली याच तारखेस, चिरनेर जेव्हा तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात मोडत असे, तेव्हा त्या गावची व आसपासच्या गावांची साधी शेतकरी, कोळी व कातकरी माणसे जंगलचा कायदा मोडण्यासाठी अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांपैकी आठ जण हुतात्मे झाले. आज हे गाव रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे. दर वर्षी त्या दिवशी तेथे हुतात्म्यांस मानवंदना होते. गेल्या वर्षी वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पाऊस उघडला होता, डोंगर हिरवागार दिसत होता, आणि भाताची खाचरे लोंब्या धरू लागली होती. स्तंभापुढे उभे असता मुलांस आम्ही १९३० सालचा काळ समजावून देत होतो: त्या दिवसांत मनुष्य कोणाच्या बाजूचा आहे हे पुष्कळदा त्याच्या अंगावरच्या कापडावरून ओळखू येई, आणि १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने खादीचे काम गावोगाव नेले होते. कापडावरून माणूस ओळखण्याविषयी आम्ही मोठ्या उत्साहाने बोलत होतो, हे आता आठवले म्हणजे चमत्कारिक वाटते. कारण ज्या मुलास आम्ही त्याच्या कापडावरून ओळखू पाहिले होते, तो गर्दीच्या कडेस रंगीत सदरा घालून उभा होता.

कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला व म्हणाला, "सर, आजीने बोलावले आहे. घर जवळच आहे." आम्ही त्याच्यामागून गेलो.

घराच्या मागच्या अंगास धुण्याचा दगड होता. त्यावर आजी बसल्या होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात तोच पांढरा सदरा पसरलेला होता. शेजारी एक धुण्याचा ब्रश. त्याचे केस एका बाजूस पार वाकून गेलेले. आजींनी आम्हांस बसावयास पाट दिला, पाणी दिले, नंतर सदरा उचलून आमच्या हाती ठेवला व म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही लिहिलेत तेव्हापासून रोज दोन वेळा घासते. पहिला साबण बदलला, मग ब्रश नवा आणला. आणखी किती घासू ते सांगा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरोखरीच विचारीत होत्या.

आम्ही सदरा उजेडाकडे धरला. कापड स्वच्छ होते. कॉलर, बाह्या, पाठ, सर्व पांढरेशुभ्र. करडे होते ते केवळ गोळे. एक गोळा चिमटीत धरून ओढला, तो निघेना. केसासारख्या बारीक तंतूंनी तो कापडास घट्ट धरून होता. नखाने तोडू म्हटले तर तंतू ताणला जाई, पण तुटत नसे. असा सदरा धुऊन पांढरा होणे शक्य नाही, एवढे तर त्या दगडापाशी बसूनच आम्हांस कळले. मग आजी म्हणाल्या, "सोमवार आला की याच्या पोटात दुखते." त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. सदरा आठ दिवसांसाठी मागून घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून परत आलो.

आता हे गोळे येतात कोठून, हे पाहणे प्राप्त झाले. सूत दिसावयास अखंड दोरी दिसते. परंतु ती इंच-दीड इंच लांबीच्या असंख्य तंतूंची एक जुडी असते, आणि त्या तंतूंस एकत्र धरून ठेवणारी वस्तू म्हणजे केवळ पीळ. कापड कशावर तरी घासले गेले की काही तंतूंची टोके पिळातून सुटून वर येतात. प्रथम नुसते तूस दिसते. पुढे हे तूस एकमेकांत गुंतते, वळते, आणि त्याचा गोळा होतो. सुती कापडावरही असे गोळे होतात. पण कापसाचा तंतू पुनःपुन्हा वाकविला असता मोडतो, म्हणून गोळा धरू लागला की त्याचा देठ तुटून तो गळून पडतो, आणि आपणांस वाटते की सुतास गोळे येतच नाहीत. पॉलिएस्टरचा तंतू तसा नाही. १९४१ साली इंग्लंडात विन्फील्ड व डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधून काढला, आणि त्याच्या चिवटपणामुळे तो जगभर पसरला. आमच्याच जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी १९८२ सालापासून पॉलिएस्टरचा धागा तयार होऊ लागला. कापसाबरोबर कातता यावा म्हणून पॉलिएस्टरचे लांब तंतू कापसाच्या लांबीइतके तोडतात. त्यामुळे टोके वाढतात. घर्षणाने कापसाचे तुकडे गोळ्यात गोळा होतात, आणि पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्या गोळ्यास गळू देत नाही. वर पॉलिएस्टर घर्षणाने विद्युत्‌भारित होऊन धूळ ओढून घेतो. आमच्या मुलाच्या सदऱ्यावरील करडा रंग बसच्या आसनांचा, रस्त्याचा आणि दप्तराचा होता.

दप्तराचे नाव काढले ते सहज नव्हे. गोळे उजव्या खांद्याशी व कमरेजवळच का, हा प्रश्न आम्ही वर्गात घातला, तेव्हा दुसऱ्याच एका मुलाने उत्तर दिले: "सर, त्याच्या दप्तराचा डावा पट्टा तुटला आहे." तो रोज एकाच खांद्यावर ओझे अडकवून, गर्दीच्या बसमध्ये उभा राहून येत असे. नायलॉनचा पट्टा खांद्यावर घासे, दप्तराचा तळ कमरेवर घासे. आणि घरी गेल्यावर त्याच जागा आजी ब्रशाने घाशीत. ब्रशाचा प्रत्येक केस आणखी काही टोके वर ओढून काढी. म्हणजे आमच्या प्रत्येक शेऱ्याने त्या सदऱ्यावरील गोळे वाढविले होते.

येथवर आमची चूक स्पष्ट झाली. पण गणवेशाचे कापड शाळेनेच ठरवून दिलेले होते, आणि इतर पालकांच्याही कुरकुरी कानी येत होत्या. तेव्हा मुख्याध्यापकांनी चार प्रकारची कापडे आणवून आमच्या स्वाधीन केली व म्हटले, "तुम्हीच तपासून सांगा." बाजारात आपण कापड पाहतो ते अंगठा व तर्जनी यांमध्ये चुरडून. त्यावरून कापडास खळ किती आहे एवढे समजते. ते दोन वर्षांनी कसे दिसेल हे समजत नाही. मिशनच्या शाळांस कापडाचा विषय अगदीच परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे चर्चिलसाहेब यांनी हातमागात सुधारणा केल्या होत्या. पण आम्ही विणकर नव्हे. आमच्यापाशी होती ती विज्ञानाची प्रयोगशाळा आणि आठवीचा वर्ग.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो कसा फसला हे सांगण्यासारखे आहे. सुताराकडून पॉलिशपेपर आणला, तो टेबलावर खिळला, आणि लाकडाच्या ठोकळ्यास कापड बांधून मुलांकडून घासविले. थोड्याच वेळात चारही कापडे फाटली. जाड कापड जरा उशिरा फाटले, पातळ लवकर. याहून निराळे काही निष्पन्न झाले नाही. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईस कापडाच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. त्यास फोनवरून हे सांगितले, तेव्हा तो हसला. "सर," तो म्हणाला, "ही कापडाची परीक्षा नव्हे, हा तर रंधा झाला. अंगावर आपण पॉलिशपेपर घालून बसतो का? कापड झिजते ते कापडावर, लाकडावर, कातड्यावर. हळूहळू आणि सर्व दिशांनी." दिवाळीच्या सुटीत त्याने आम्हांस बोलावले.

मुंबईत या कामाच्या जुन्या संस्था आहेत: माटुंग्यास कापसाची तंत्रप्रयोगशाळा १९२४ पासूनची, वरळीस 'सस्मिरा' १९५० ची, घाटकोपरास बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन १९५४ ची. ज्या प्रयोगशाळेत आम्ही गेलो, तेथे प्रथमच लक्षात आली ती हवा. बाहेर घाम येत होता, आत कोरडे वाटत होते. आपल्या देशात कापडाच्या चाचणीसाठी उष्णता २७ अंश आणि हवेतील आर्द्रता शेकडा ६५ ठेवतात, कारण ओल्या हवेत कापसाचे बळ वाढते, व्हिस्कोजचे घटते, आणि पॉलिएस्टरला त्याचे जवळजवळ काहीच नसते. परीक्षा द्यावयाची तर सर्वांनी एकाच हवेत बसून द्यावी, हा न्याय आम्हांस आवडला.

घर्षणाचे यंत्र मार्टिंडेल यांच्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील लीड्स येथे लोकर-धंद्याच्या संशोधन-संस्थेत ते तयार झाले. ३८ मिलिमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा एका धारकात बसवितात आणि खाली लोकरीचे ठराविक विणीचे कापड पसरतात. पोशाखाच्या कापडावर ५९५ ग्रॅम भार देतात. खुर्च्यांच्या व गाद्यांच्या कापडावर ७९५ ग्रॅम, कारण खुर्चीवर माणूस बसतो. यंत्र सुरू झाले म्हणजे धारक सरळ रेषेत मागेपुढे जात नाही. प्रथम वर्तुळ, मग लंबवर्तुळ, मग ते अरुंद होत होत रेषा, मग पुन्हा उलट बाजूने लंबवर्तुळ, असा तो फिरतो. लिसाजूच्या आकृती ज्या विद्यार्थ्यांनी लंबकाच्या प्रयोगात पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हे लगेच येईल. अशाने कापड प्रत्येक दिशेने घासले जाते. कोपरही टेबलावर एकाच दिशेने घासत नाही. फेऱ्या हजारांनी मोजतात. विणलेल्या कापडाचे दोन धागे पुरते तुटले की तेथे मोजणी थांबते.

गोळ्यांची पेटी याहून साधी, आणि आमच्या मुलांस तीच अधिक आवडली. आतून बुचाच्या लाकडाचे अस्तर लावलेली चौकोनी पेटी. कापडाची नळी शिवून ती रबरासारख्या नळकांड्यावर चढवितात आणि अशी नळकांडी पेटीत टाकून पेटी मिनिटास ६० वेळा फिरवितात. पाच तासांत १८,००० फेरे होतात. नळकांडी एकमेकांवर व बुचावर आपटत, लोळत राहतात. नंतर कापड काढून तिरप्या उजेडात कोऱ्या कापडाशेजारी ठेवतात आणि गुण देतात: ५ म्हणजे काही फरक नाही, १ म्हणजे सर्व पृष्ठभाग गोळ्यांनी भरलेला. या पेटीस ज्या ब्रिटिश रासायनिक कंपनीचे नाव मिळाले, त्याच कंपनीने इंग्लंडात 'टेरिलीन' बाजारात आणले होते. ज्याने दुखणे आणले त्यानेच वैद्यही आणला म्हणावयाचे.

आमच्या गणवेशाच्या जुन्या ताग्याचा तुकडा आम्ही बरोबर नेला होता. पेटीतून निघाल्यावर त्यास २ गुण मिळाले. घर्षणाच्या यंत्रावर मात तो तुकडा सायंकाळपर्यंत टिकून होता. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, कापड फाटणार नाही. ते म्हातारे दिसेल, पण मरणार नाही."

उरलेली कापडे तपासण्याचा खर्च शाळेवर न टाकता ती शाळेतच तपासावी, असे ठरले. पेटी सुतारकामात हुशार असलेल्या मुलांनी केली. आत जुन्या सूचनाफलकाचे बुचाचे तक्ते लावले. प्रयोगशाळेतील रबरी नळीचे तुकडे करून नळकांडी केली. आणि विहिरीच्या रहाटास असतो तसा दांडा बसविला. भिंतीवरील घड्याळाच्या सेकंदास एक फेरा. एका मुलाने दहा मिनिटे फिरविल्यास ६०० फेरे. तीस मुलांच्या पाळीत १८,००० पुरे. चिरनेरच्या मुलाने आपली पाळी तर केलीच, पण दोन आजारी मुलांच्या पाळ्याही मागून घेतल्या. घर्षणासाठी लोकरी कापड हवे होते. शाळेच्या माळ्यावर एका जुन्या मिशनरी साहेबांचा काळा कोट कित्येक वर्षे पडून होता. बराच विचार करून त्याची पाठ आम्ही कापली. साहेबांनी क्षमा केली असती, अशी आमची खात्री आहे. कोटाने मात्र शेवटपर्यंत चांगली टक्कर दिली. रबरी बुचाच्या तोंडावर कापड ताणून, वर वजन ठेवून, मुले हाताने इंग्रजी आठाचा आकडा काढीत घाशीत. यंत्राची बरोबरी यास येणार नाही. परंतु चारही कापडांस एकच हात, एकच वजन व एकच कोट मिळाला.

कोणते कापड कोणते, हे मुलांस सांगितले नव्हते; तुकड्यांच्या मागे केवळ क्रमांक होते. परीक्षक तीन: आमच्या सहकारी शिक्षिका, शाळेचे शिपाई, आणि एका विद्यार्थ्याचे वडील, जे शिंपी आहेत. तिघांनी दुपारच्या तिरप्या उन्हात, एकमेकांस न विचारता, गुण लिहून दिले. शिपाईमामा व शिंपीदादा यांचे गुण बहुतेक सारखे आले. बाईंनी सर्वांस एकेक गुण अधिक दिला होता. त्या निबंधही तशाच तपासतात.

निकाल असा. खादीवर तूस पुष्कळ आले, गोळे थोडे, आणि तेही झटकताच पडले. पण कोटावर घासता प्रथम तुटले ते खादीचेच धागे. आम्हांस स्वतःस खादी प्रिय असल्यामुळे क्रमांक उलटून पाहताना जरा वाईट वाटले. गिरणीचे निव्वळ सुती कापड दिसावयास शेवटपर्यंत नीटनेटके राहिले; मात्र तेही मिश्र कापडांच्या पुष्कळ आधी विरले. आमचा जुना गणवेश सर्वांत उशिरा झिजला आणि सर्वांत आधी कुरूप झाला. चौथे कापडही कापूस व पॉलिएस्टर यांचेच मिश्रण होते. परंतु त्याच्या सुतास पीळ घट्ट होता, वीण दाट होती, आणि गिरणीत ज्योतीवरून झपाट्याने नेऊन त्याचे तूस जाळलेले होते. ते टिकलेही, आणि गोळेही त्यास थोडे आले. तीन परीक्षकांनी त्यास मिळून ४ गुण दिले. किंमत अर्थातच त्याचीच अधिक होती.

याच सुमारास पवित्र शास्त्राच्या तासास अनुवादाचे पुस्तक चालू होते. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात चालले तरी त्यांचे कपडे जीर्ण झाले नाहीत, असे त्यात आहे. एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, त्या कपड्यांना गोळे आले होते का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न वाटतो तितका उथळ नव्हे. न फाटणे आणि न विद्रूप होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कापडात त्या पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. तंतू चिवट केला तर कापड टिकते, पण गोळा गळत नाही. तंतू नाजूक ठेवला तर गोळा गळतो, पण कापड विरते.

पालकसभेत हे सर्व तुकडे आम्ही मांडले. महागाचे कापड घ्यावे, असे पुष्कळांचे मत पडले. तेव्हा मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. ते मजुरी करतात. त्यांची तीन मुले आमच्या शाळेत आहेत. ते म्हणाले, "सर, जुने कापड फाटत नाही ना? मोठ्याचे मधल्याला होते, मधल्याचे धाकट्याला होते. गोळ्यांचे काय घेऊन बसलात? गोळे तुम्हांला दिसतात, भोक आम्हांला दिसते." सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. आम्ही सहा आठवडे कापड घासले होते, पण ही बाजू आमच्या वहीत कोठेच नव्हती. शेवटी असे ठरले की नवीन सदरे चौथ्या कापडाचे शिवावे, परंतु कोणावरही सक्ती नसावी. जुने सदरे असतील तोवर चालावे. आणि सोमवारच्या तपासणीत गोळे हा मळ समजू नये. शिंपीदादांनी एक उपयुक्त सूचना केली, ती येथे नोंदवितो: सदरा उलटा करून धुवावा, म्हणजे घर्षण आतल्या बाजूस होते, ब्रश केवळ कॉलरीस व बाह्यांच्या कडांस लावावा, आणि गोळे आलेच तर ओढू नयेत, बारीक कात्रीने वरचेवर कापावे. ओढल्याने एक गोळा जातो आणि दोन तंतू वर येतात.

सभेच्या आदल्या सोमवारी आम्ही दुसरे एक काम केले होते. प्रार्थना झाल्यावर, तपासणीपूर्वी, सर्व रांगांपुढे उभे राहून सांगितले की जुलै महिन्यात आठवीच्या एका विद्यार्थ्यास आम्ही दोनदा मळका म्हटले, ते चुकीचे होते. त्याचा सदरा स्वच्छ होता, आणि त्याच्या घरी तो कोणाही घरापेक्षा अधिक कष्टाने धुतला जात होता. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती, कारण आठवीची सगळी रांग एकाच मुलाकडे पाहत होती. मुलाने जुलैत घातली होती तशीच मान खाली घातली. त्याच्या मनात काय होते, हे आम्ही विचारले नाही. त्यानंतर तो एकाही सोमवारी गैरहजर राहिलेला नाही. दप्तराचा पट्टा शिंपीदादांनी शिवून दिला.

सदरा परत करावयास आम्ही स्वतः चिरनेरास गेलो. त्याच्या मागच्या टोकाचा लहानसा चौकोन परीक्षेसाठी कापला गेला होता; तेथे आमच्या घरातून त्याच रंगाचे ठिगळ लावून नेले होते. आजींनी ठिगळ उलटसुलट करून पाहिले व टाका बरा आहे म्हणाल्या. आम्ही कापडाची सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे कमी घासले असते तर चालले असते?" आम्ही होय म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग तसे लिहायचे होते."

पेटी आजही प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. मधल्या सुटीत मुले ती काढतात. गेल्या महिन्यात चिरनेरच्या मुलाने घडी केलेला एक तुकडा आमच्या टेबलावर आणून ठेवला. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा पदर होता तो. आजीने विचारले आहे, तो म्हणाला, की गोधडीला हा वापरावा की आणखी दोन वर्षे नेसायला काढता येईल. त्या तुकड्यास आम्ही पाचवा क्रमांक दिला असून, हे लिहीत असता त्याचे चार हजार फेरे झाले आहेत.